पहिला मणका

घुंगराचं तोंड मिटायला
चिमट्याचा एक दाब पुरतो.
माझं तोंड उघडायला
तीन दवाखाने लागले.

हुपरीत आमच्या गल्लीत सगळ्याजणींची मान अशीच,
देवापुढं वाकल्यागत. समोर मात्र परात.
एका पैंजणाला बासष्ट घुंगरं.
बावीस वर्षांचा हिशेब मी कधी मांडला नाही.
तो मानेनं ठेवला.

आधी जबड्यात कट् वाजायचं.
भाकरीचा पापुद्रा, कट्.
जांभई, कट्.
मग डाव्या गालात वीज:
वारं लागलं तरी,
चूळ भरली तरी,
कुणी हाक मारली आणि मी 'ओ' दिली तरी.

धनपाल म्हणायचे,
रात्रभर दात खातीस,
तोंडात जातं घेऊन निजल्यागत.
निजते कुठं?
भट्टी विझल्यावर मूस जशी
आतून तापलेलीच राहते,
तशी मी पडून असायची,
चारचं भजन ऐकेपर्यंत.

दाताच्या डॉक्टरांनी रात्री घालायला
प्लास्टिकची पट्टी दिली.
सीपीआरच्या मशीननं डोकं पोटात घेतलं,
अर्धा तास ठोकलं, आणि सांगितलं, तसं काही नाही.
नसांच्या डॉक्टरांनी गोळी लिहिली.
'तसं काही नाही' एवढंच सासूबाईंनी ध्यानात ठेवलं.

जाऊ म्हणाली, चल, वस्तादाकडं.
शनिवार पेठेतल्या तालमीत,
तांबड्या मातीच्या अलीकडं, बाकावर बसवलं मला.
मेहबूब वस्तादांनी किती खांदे बसवले,
किती घोटे, एका आमदाराचं बोट.
कवटीखाली त्यांनी अंगठा ठेवला.
थांबले.
हात टॉवेलला पुसले.

"बाई, ह्या मणक्याला मी झटका देत न्हाई.
ह्याच्यावर डोस्कं ठेवलंया,
अन् आतनं समदी तार गेलीया.
तुमचा दादला उद्या मला काय म्हणंल?
राजारामपुरीत एक पोरगी हाय, तिच्याकडं जावा."
पैसे घेतले नाहीत. दूध पाजलं.

पोरगी म्हणजे हर्षदा माणगावे.
टेबलावर तिच्या माणसाची मान, प्लास्टिकची.
सगळ्यात वरचा मणका काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवला.
मी बघतच राहिले.
ते हाड नव्हतंच. ते कडं होतं,
तान्ह्याच्या वाळ्याएवढं, मधे पोकळ,
दोन बाजूंना घासून गुळगुळीत केलेलं.
आणि त्यावर पाच किलोचा ऐवज!
मी म्हटलं, एवढ्या वजनाला
आम्ही दुहेरी डाग देतो.

"कट् करणार?"
"नाही."
तिनं कानांमागं दोन-दोन बोटं टेकली,
आणि काहीच केलं नाही.
म्हणजे मला तसंच वाटलं.
"श्वास सोडा," म्हणाली.
धरून ठेवलाय, हे मला माहीत नव्हतं.

जाग आली तेव्हा उशीला लाळ लागलेली,
बाहेर दोन पेशंट ताटकळलेले,
आणि मी लाजेनं चपला उलट्या घातल्या.

बरं झालं का, सगळे विचारतात.
वीज अजून येते, अधूनमधून. गोळी चालू आहे.
ती म्हणाली, मी वीज बंद करत नाही,
वाकणं कमी करायचं बघू.
घरी येऊन मी परात
गुळाच्या दोन रिकाम्या डब्यांवर ठेवली.
छातीइतकी उंच.
गल्ली हसली. सासूबाई म्हणाल्या, सिंहासन!

पण मान वर राहिली,
आणि समोरच्या ओट्यावरची सुलोचना दिसली.
बावीस वर्षं समोरासमोर बसलो.
तिच्या भांगात पांढरं कधी आलं?
ती पण गाल हातात धरून,
डाव्या हातानं घुंगरं ओवत होती.
मी हाक मारली.
तिनं मान उचलायला वेळ घेतला.

त्या दिवशीच्या जोडीत
एका पैंजणाला घुंगरू कमी भरलं, एकसष्टच.
व्यापाऱ्यानं बरोबर पकडलं,
मजुरीतून कापलं.
कापू दे.